ताई, कोचना सांगा

३ ऑगस्ट

माई,

तुझं पत्र मिळालं. फोन का उचलत नाहीस हे विचारणार नाही. उचललास तरी तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि शेजारच्यांना वाटतं ही बाई पुन्हा कुणाशी तरी भांडते आहे. तेव्हा पत्रच बरं. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे फोन जोडलेस आणि आता तुझ्याच कानाची लाइन बंद. तुझी आई, माझी मावशी, असती तर म्हणाली असती, वापरून झिजवलेस.

सुट्टी काढून का येत नाहीस असं लिहिलं आहेस. कशी काढू? शाळेत मी एक नाही, दोन आहे. सकाळी समुपदेशनाच्या खोलीत, दुपारनंतर मैदानावर मुलींच्या व्हॉलीबॉलला. आधीच्या समुपदेशक बाई नोकरी सोडून गेल्या तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मला म्हणाल्या, "मुली तुम्हाला घाबरतात, म्हणजे तुमचं ऐकतात. थोडे दिवस तुम्हीच बसा." मी बसले. रीतसर अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली. ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत.

पहिल्या वर्षी खोलीत चिटपाखरू फिरकलं नाही. जी बाई संध्याकाळी पळायला लावते तिला सकाळी कोण सांगणार की मला घरी जावंसं वाटत नाही? मग मी एक नियम केला आणि सकाळच्या हजेरीला सगळ्या शाळेसमोर सांगितला. खोलीत शिरताना शिट्टी गळ्यातून काढून खिळ्याला टांगायची. खोलीत मी ताई, मैदानावर कोच. खोलीत ऐकलेलं मैदानावर जाणार नाही. ताई कोचला ओळखत नाही. मुली हसल्या, पण यायला लागल्या. आता येतात. खुर्ची रिकामी नसते.

आज लंबू आली. नाव लिहीत नाही, मैदानावर तिला सगळे लंबूच म्हणतात. माझ्या संघातली सगळ्यात उंच, नेटपाशी उभी राहिली की समोरच्या मुली आधीच अर्ध्या हरतात. खुर्चीवर बसली, पाय कुठे ठेवायचे ते तिला नेहमीच कळत नाही, तसे इकडेतिकडे ठेवले आणि म्हणाली, "ताई, एक निरोप द्याल?"

"कुणाला?"

"कोचना."

मी हसले नाही. "काय निरोप?"

"मला टीममधून काढा म्हणावं."

मग हळूहळू बोलली. खेळ तिला आवडत नाही. कधीच आवडला नव्हता. "मी उंच आहे म्हणून खेळते, ताई. उंच मुलीला आवडतं का असं कुणी विचारतच नाही." पुढच्या महिन्यात विभागाचा अंतिम सामना आहे. त्याला निवासी क्रीडा प्रबोधिनीचे निवडकर्ते येणार आहेत. तिला निवडणार हे सगळ्यांना माहीत आहे, तिलासुद्धा. म्हणजे शाळा संपेपर्यंत वसतिगृह, आणि पहाटेपासून चेंडू.

"बाबांना सांगितलंस?"

"बाबा रागावत नाहीत ना. रागावले असते तर सांगितलं असतं."

वडील शिंपी आहेत. शाळेच्या फाटकासमोर दुकान आहे. घरात ते आणि ही, दोघंच.

"कोचनीच काढलं तर कुणाचाच दोष नाही," ती म्हणाली.

मी तिला नियमाची आठवण करून दिली. ती म्हणाली, "माहीत आहे. मला वाटलं नियमात एखादी फट असेल."

फट नाही. संध्याकाळी ती नेटपाशी होती आणि मी तिला इतरांसारख्याच उड्या मारायला लावल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि शिट्टी वाजवली.

हे तुला सांगितलं म्हणजे नियम मोडला असं म्हणू नकोस. तुला सांगणं म्हणजे विहिरीत बोलणं.

तुझी,
ठमी


११ ऑगस्ट

ठमे,

मला विहीर म्हणालीस. बरं. विहिरीतून आवाज परत येतो, एवढं लक्षात ठेव.

माझं ठीक आहे. गुडघ्यांनी संप केल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली गेलेले नाही. मुलगा आणि सून कामावर जातात तेव्हा सून बाहेरून कुलूप लावून जाते. मला ऐकू येत नाही, कुणी घंटी वाजवली, कुणी आत शिरलं, तर कळणार नाही म्हणून. तिचा हेतू चांगला आहे. कुलूपही चांगलं आहे. मी दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या लोकांचे कपडे वाळताना बघते. कोणाच्या घरी कोण आलंय ते दोरीवरून सांगू शकते.

आता तुझ्या नियमाबद्दल. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी आम्हालाही हेच शिकवलं होतं, कानावर पडलेलं तोंडावर येता कामा नये. मी ते पाळलं. कोणाचं लग्न मोडलं, कोण कोणाला फसवतंय, सगळं माझ्या कानावरून गेलं आणि मी घरी येऊन फक्त भाजी निवडली. पण ठमे, आमचं काम ऐकणं नव्हतं. जोडणं होतं. ऐकायला आम्ही मध्ये बसलो नव्हतो. तुझ्याकडे पोरीनं येऊन नंबर मागितला आणि तू म्हणालीस, ऐकून घेतलं, आता ठेवा.

शिवाय गुपित तिचं आहे. तिचं गुपित कोचपासून लपव हे तिने सांगितलेलं नाही, उलट सांगितलं. मग तू कोणाचं रक्षण करते आहेस?

आणखी एक. पुढच्या महिन्यातला तो सामना तुझा निवृत्तीआधीचा शेवटचा ना? लंबू नसेल तर जिंकाल? सहज विचारते.

माई


२० ऑगस्ट

माई,

तू उभ्या आयुष्यात काहीही सहज विचारलेलं नाहीस. कॉलेजात मी तुमच्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी तू सहज विचारलं होतंस, "तू घोरतेस का?" आणि माझी गादी स्वयंपाकघरात टाकली होतीस.

नाही, लंबू नसेल तर जिंकणार नाही. पण हा हिशेब मैदानावरचा आहे, खोलीत येत नाही. एका मुलीसाठी नियम वाकवला तर उद्या दुसरी विचारेल, माझं कुठे कुठे पोचलं? आणि त्यांच्यात अशा आहेत की ज्यांचं खरोखरच कुठे पोचता कामा नये. माझी खोली त्या एका शब्दावर उभी आहे. तू जोडणं जोडणं म्हणतेस. चुकीचा नंबर जोडला गेला तर तुला ओरडा बसायचा. इथे पोरीचं घर मोडतं.

बाकी सराव जोरात आहे. शिंपीदादा रोज दुकान बंद करून येतात आणि मैदानाच्या पायरीवर बसतात. गळ्यात त्यांची टेप, माझ्या गळ्यात शिट्टी. मुली म्हणतात, दोघंही आमची मापंच घेत असतात. अंतिम सामन्यासाठी सगळ्या संघाच्या जर्सी त्यांनी स्वतः शिवायला घेतल्या आहेत. परवा मला कापड दाखवत होते. "मॅडम, हिच्या बाह्या जरा लांब ठेवतो. पोरगी अजून वाढतेय." असा माणूस आहे.

एक गंमत सांगते. मंगळवारी सराव चालू होता, मी ब्लॉकिंग घेत होते. लंबू मध्येच थांबली, हात खाली सोडले आणि मला म्हणाली, "ताई." मैदानावर, सगळ्यांसमोर. बाकीच्या खिदळल्या. मी म्हटलं, "इथे ताई कोण आहे? मला तर दिसत नाही." अजून हसल्या. मग मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, शिस्त म्हणजे शिस्त. तिने मुकाट्याने मारल्या. चांगली धावते. परत येऊन म्हणाली, "सॉरी कोच," आणि खेळायला लागली. त्या दिवशी तिने एकही चेंडू सोडला नाही. तेव्हा मला वाटतं तिचा विचार बदलत असावा. या वयात आवडतं-नावडतं महिन्याला बदलतं.

तू औषधं घे. आणि सुनेशी नीट बोल. कुलपाबद्दल मला लिहून काय उपयोग?

ठमी


२७ ऑगस्ट

ठमे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू एकदा वाच. ती गंमत लिहिली आहेस तेवढी वाच.

तुझ्या नियमाप्रमाणे ताई फक्त खोलीत असते. पोरीनं मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत ताईला हाक मारली. चुकून मारली असं तुला वाटलं? तिला तुझा नियम तुझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. तिनं शिट्टी काढ म्हणून सांगितलं आणि तू ती वाजवलीस.

आणि एकही चेंडू सोडला नाही हे तू चांगलं लक्षण समजलीस. मी एक्स्चेंजमध्ये बघायचे, ज्यांचं घरी काही बिनसलेलं असायचं त्या बाया त्या दिवशी एकही कॉल चुकवायच्या नाहीत.

सुनेशी बोलायचं म्हणतेस. तू आधी तुझ्या शिंप्याशी बोल.

माई


३० सप्टेंबर

माई,

महिनाभर लिहिलं नाही. रागावले होते. तुझ्यावर नाही, असं आता वाटतं.

तू लिहिलेलं डोक्यातून जात नव्हतं. पण शिंपीदादांशी बोलणं म्हणजे नियम उघड मोडणं, आणि तेही तिला न विचारता. ते मी करणार नव्हते. मग मला तिनं शोधलेली फट दिसली. कोचला आपला संघ निवडायचा अधिकार आहे. कारण सांगायची गरज नाही, आणि सांगायचंच तर मैदानावरचं सांगावं. ताईनं काहीच सांगितलं नाही, कोचनं काहीच ऐकलं नाही, आणि मुलगी सुटली. मी या युक्तीवर स्वतःला शाबासकीसुद्धा दिली.

सामन्याच्या सकाळी खेळणाऱ्या मुलींची नावं वाचली. तिचं नाव घेतलं नाही. नव्या जर्सी सगळ्यांच्या अंगावर, तिच्याही. शिंपीदादा त्या मैदानाच्याही पायरीवरून उठून माझ्यापर्यंत आले.

"मॅडम, हिचं राहिलं का?"

"राहिलं नाही. आज ती खेळणार नाही."

"काही झालं का?"

"सर्व्हिस कमी पडते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हिची? सर्व्हिस?"

"हो."

"मी रोज बघतो, मॅडम."

"तुम्ही बाहेरून बघता," मी म्हटलं.

हे वाक्य मला तिथेच टोचलं. त्यांनी वाद घातला नाही. मान खाली घालून पायरीवर परत गेले आणि सामना संपेपर्यंत बसून राहिले. मुलगी खेळत नसताना बसून राहिले, माई. निघून गेले असते तर बरं झालं असतं.

आम्ही हरलो. तीन सेटमध्येच. निवडकर्ते मध्येच उठून चहा प्यायला गेले ते परत आले नाहीत. मोठ्या बाई मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मला परतीच्या बसमध्ये जागा धरली नाही, दरवर्षी धरतात.

लंबू बाकाच्या टोकाला बसली होती. पूर्ण वेळ मान खाली. सुटल्याचं समाधान असेल, बापासमोर दाखवायचं नाही म्हणून वर बघत नसेल. मी तिच्याशी बोलले नाही. कोचला तिच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. ती खोलीत येईल तेव्हा ताई बोलेल.

तेव्हा तुझा सल्ला मी मानला नाही, पण काम झालं. सामना गेला तो गेला. आता तरी मला स्वार्थी म्हणू नकोस.

ठमी


६ ऑक्टोबर

ठमे,

स्वार्थी म्हटलेलंच नव्हतं, तू ते मनानं वाचलंस.

सामना सोडलास हे सोपं नव्हतं, मला कळतं. पण सुटलेली पोरगी वर बघते. आणि तू म्हणतेस काम झालं. पोरीला बापाला काहीतरी सांगायचं होतं. ते अजून सांगायचं राहिलंच आहे. तू मध्ये फक्त एक खोटं बसवलंस, आणि ते बाप खरं मानून चालणार. चालत चालत कुठे जाईल ते बघ.

इथे मी सुनेशी बोलले. म्हटलं, एक किल्ली मला दे, आतून उघडता येईल अशी. तिला वाईट वाटलं. "माई, मी काय तुम्हाला कोंडते का?" असं पाटीवर लिहिलं. आमच्याकडे भांडणंही पाटीवर होतात, पुसायला सोपी. दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली करून आणली. आता किल्ली माझ्याकडे आहे. जिना तेवढाच आहे.

माई


२ नोव्हेंबर

माई,

ती आली. इतके दिवस खोलीकडे फिरकली नव्हती. आली, बसली, पाय खुर्चीखाली घेतले.

"कोच वाईट आहेत," म्हणाली.

समुपदेशकाच्या अभ्यासक्रमात हे शिकवत नाहीत. मी विचारलं, "काय झालं?"

"सर्व्हिस कमी पडते म्हणाल्या. सगळ्यांसमोर. बाबांसमोर. ताई, माझी सर्व्हिस विभागात सगळ्यात चांगली आहे."

"तुला खेळ आवडत नाही म्हणालीस."

"आवडत नाही म्हणजे येत नाही असं थोडंच आहे?"

तिने बाहीनं नाक पुसलं आणि पुढचं सांगितलं. वडील आता तिला पहाटे गावाच्या दुसऱ्या टोकाला एका क्लबात नेतात. सर्व्हिस सुधारायला. मॅडम म्हणाल्या तर काहीतरी असेल, आपल्याला बाहेरून कळत नाही, असं ते तिला म्हणाले. तिथला कोच दर आठवड्याला प्रबोधिनीत जातो. पुढच्या निवडीला तिचं नाव देणार आहे. एरवी ती उशिरा उठायची, आता तेही गेलं.

माझं एक वाक्य, माई. मी ते सबब म्हणून टाकलं आणि शिंपीदादांनी ते घरी नेलं, जपलं, आणि त्यावर पोरीला रोज उभं करताहेत.

"ताई, खरं सांगा," ती म्हणाली. "कोचनी मला सर्व्हिसमुळेच काढलं ना?"

"तुला काय वाटतं?"

"तुम्ही सगळ्यांना हेच विचारता."

खरं आहे. आम्हा समुपदेशकांना काही कळेनासं झालं की हाच प्रश्न विचारायचा. मी खिळ्यावरच्या शिट्टीकडे बघितलं आणि म्हटलं, "तुझ्या सर्व्हिसला काही झालेलं नाही."

तिला लगेच समजलं. चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे ताईंनी निरोप दिला."

"हो."

"मग माझं बाकीचंही सांगितलंत का? ते, मी आईबद्दल सांगितलं होतं ते?"

"नाही."

"पण मला कसं कळणार?"

मी नियम पाळला तेव्हा तिला खड्ड्यात ढकललं आणि मोडला तेव्हा माझ्यावरून तिचा विश्वास उडाला. शेवटी तुझंच ऐकलं. म्हटलं, "बाबांना इथे बोलावू? तू बोल. मी मध्ये बोलणार नाही."

"ते रडतील."

"इथे सगळेच रडतात. कोनाड्यात रुमाल आहेत."

तिने होकाराची मान हलवली.

शिंपीदादा दुसऱ्या दिवशी दुकान उघडं टाकून आले, टेप गळ्यातच. खुर्च्या दोनच, त्या दोघांना दिल्या, मी दाराशी उभी राहिले. तिने सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून नीट सांगितलं, बहुधा मनात पुष्कळदा म्हणून बघितलं असणार. "बाबा, मला हे कधीच आवडलं नाही. मी उंच आहे म्हणून खेळते. मला प्रबोधिनीत जायचं नाही. मला घरी राहायचंय."

ते रडले नाहीत. टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जर्सी शिवत होतात."

"जर्सी काय, उसवता येते," ते म्हणाले. मला वाटलं, झालं. मग त्यांनी विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

ती म्हणाली, "ताईंना."

"ताई म्हणजे कोण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "या? म्हणजे कोचना."

"ताईंना," ती पुन्हा म्हणाली. अजूनही माझा नियम सांभाळत होती, माई. माझ्यावर विश्वास राहिला नव्हता तरी.

ते उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. "मॅडम, मी रोज त्या पायरीवर बसत होतो. तुम्हाला माहीत असताना तुम्ही हिला उड्या मारायला लावल्या. मग काढलीत आणि मला खोटं सांगितलंत. ते खोटं धरून मी हिला पहाटे उठवत राहिलो. एकदा हाक मारायची होतीत मला. एवढं जवळ बसलो होतो."

त्यांनी मुलीचा हात धरला आणि गेले. तिचं क्लबात जाणं त्या दिवसापासून बंद आहे, हे मला इतर मुलींकडून कळलं. म्हणजे ती सुटली. या वेळी खरंच.

ठमी


९ नोव्हेंबर

ठमे,

जोडलंस. लाइनवर पुढे काय बोलणं होतं ते ऑपरेटरच्या हातात नसतं, आणि कधीकधी शिव्या ऑपरेटरलाच पडतात. बाप बरोबर बोलला. तूही उशिरा का होईना बरोबर केलंस. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला इथे लांब बसून सांगायला सोपं जातं.

मी परवा किल्लीनं दार उघडलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून आले. वरून तो जिना फार लांब दिसतो. सूनबाईला सांगितलेलं नाही.

आता तुझं काय होणार ते कळव.

माई


१८ जानेवारी

माई,

माझं काय होणार ते आता ठरलं आहे, म्हणून लिहिते.

शिंपीदादांनी मोठ्या बाईंना भेटून सगळं सांगितलं. तक्रार केली नाही, सांगितलं. त्याचा परिणाम जास्त झाला. पालक समितीची बैठक झाली. एकाच बाईला दोन्ही कामं कशी दिलीत, असा प्रश्न आला. योग्य प्रश्न आहे, पहिल्या वर्षीच यायला हवा होता. मी उभी राहून म्हटलं, मैदान काढून घ्या, खोली माझ्याकडे राहू द्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "समुपदेशक कुठूनही मिळेल. मुलींचा कोच मिळत नाही." झालं. नव्या समुपदेशक बाई येईपर्यंत खोली बंद. थोडे दिवस, असं म्हणाल्या. आत आता जुनी नेटं आणि फुटके चेंडू ठेवले आहेत.

निवृत्तीचंही राहिलं. मला दोन वर्षांची मुदतवाढ दिली आहे. विचारलं नाही, अभिनंदन केलं.

लंबूला मी फाटकासमोरून जाताना बघते. वडिलांच्या दुकानात उंच स्टुलावर बसलेली असते, काज करते, गिऱ्हाइकांशी बडबडते. पाय नीट टेकलेले असतात. मी दिसले की उठून उभी राहते आणि म्हणते, "नमस्कार मॅडम." ताई नाही, कोचही नाही. शिंपीदादा मान वर करत नाहीत.

आता या आठवड्यातलं सांगते, म्हणजे तुला कळेल मी कुठे आहे. नव्या मुलींची निवड होती. पाचवीच्या वर्गातल्या. मोठ्या बाईंनी दरवर्षीप्रमाणे उंच उंच मुली वेगळ्या काढून रांगेत उभ्या करून ठेवल्या होत्या. मी ठरवलं होतं, या वेळी विचारायचं. प्रत्येकीसमोर उभी राहिले आणि विचारलं, "तुला खेळायला आवडतं का?"

"हो कोच."

"खरंच आवडतं?"

"हो कोच."

सगळ्यांनी हेच सांगितलं, त्याच आवाजात, हात मागे बांधून. कोचला दुसरं काय सांगणार? नाही म्हणायला त्यांना एक खोली होती, तिथे आता नेटं आहेत.

शेवटची एक होती, रांगेतली सगळ्यात उंच. ती जरा थांबली. अगदी जरा, पण मी एवढी वर्षं मुलींचं थांबणं ऐकत आले आहे. मग म्हणाली, "हो."

मी तिला म्हटलं, "तू उद्या येऊ नकोस. घरी विचार कर. नको वाटलं तर अजिबात येऊ नकोस, मी काही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचले तर ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. आवडतं म्हणून आली, की कोच येऊ नकोस म्हणाल्या म्हणून घाबरून आली? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "हो कोच."

ठमी